करंगळीचा हिशेब

चार अधिक दोन, पाच.
चार अधिक चार, सहा.
नऊ वजा चार मात्र बरोबर, पाच.
धम्मदीपची गणितं अशी यायची
उसाच्या फडावरून, वहीच्या पानाचा फोटो होऊन.

दिवाळी सरली की त्याचे आईबाप कोयते घेऊन
बेळगावकडं जातात, लेकरू कुणापाशी ठेवणार?
अंबाजोगाईच्या आमच्या कर्णबधिर शाळेत
त्याचा बाक तेव्हापासून चैतापर्यंत रिकामा.
म्हणून पाठ मोबाईलवर धाडायचे.
मी शाळेचा लिपिक, शिवाय कॅमेरा, शिवाय वायरी.

टेकाडावर चढलं तर तिथं रेंज,
पाच एमबीच्या वर काही उतरत नाही.
सहा मिनिटांचा पाठ त्यात कोंबायचा.
आवाज तर पहिल्याच दिवशी काढून टाकला,
तेवढीच बचत.

चिद्रवार बाई म्हणाल्या, ध्यान नाही पोराचं.
पाचटात बसून कसलं आलंय ध्यान.
मीही मान हलवली.

मग एका दुपारी, शाळा सुटल्यावर,
तोच पाठ एकेक चित्र थांबवून पाहिला.
बाईंची चार बोटं वर येतात
आणि करंगळी भिंतीत विरून जाते,
चुना आणि कातडी एकाच पिवळट चौकोनात.
तीन उरतात.
नऊचे होतात आठ, आठातून तीन गेले, पाच.
दोन चुका एकमेकींत जिरल्या होत्या.
पोरानं दिसलं ते मोजलं होतं.

आणि खिडकीत लिंब!
पान न पान, कातरलेल्या कडांसकट.

यंत्राला काय बोलणार.
हलेल त्याला द्यायचं,
थांबेल त्याला म्हणायचं, मागचंच पुढं,
एवढं त्याला शिकवलेलं.
बाई नीट दिसावं म्हणून हात स्थिर धरून उभ्या,
बाहेर वाऱ्यावर हजार पानं.
त्यानं सगळे बिट पानांना वाटून टाकले.

आधी खिडकी लावून पाहिली.
मार्च महिना, वर पत्रे.
बाई म्हणाल्या, मी काय भाकरी आहे का तव्यावरची?
उघडली.

मग रात्री बसून शिकलो.
हातांभोवती एक चौकट आखली,
चेहऱ्याभोवती दुसरी,
कारण भुवया उचलल्या की प्रश्न होतो
आणि नाही उचलल्या तर नुसतं वाक्य.
यंत्राला म्हटलं, पहिल्या खेपेला नुसतं बघ,
खर्च दुसऱ्या खेपेला.
भिंतीला काही नाही.
कपाटाला, जिल्ह्याच्या नकाशाला, लिंबाला, काही नाही.
साडीच्या बुट्ट्यांना जरा कमी,
हे बाईंना सांगितलं नाही.
चार पूर्णांक नऊ एमबी.
करंगळी नखासकट आली.

तिसऱ्या दिवशी या खेपेला फोटो नाही, तोच आला,
व्हिडिओतून. मागं पाचटाचा ढीग,
कोपऱ्यात कुणाची तरी बैलगाडी अर्धी.
सहा. आठ. पाच.
बोटं काळपट, करंगळी ताठ.
बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या,
त्यांनी नाक ओढलं आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

पाठ संपला तरी धम्मदीप हलेना.
कॅमेऱ्याच्या पलीकडं, आमच्या खिडकीकडं बोट केलं.
दोन्ही हात वर, बोटं भुरभुर भुरभुर,
मग एकदम गच्च थांबवली.
भुवया वर.

वारं पडलंय का तिकडं?

मी पाठ परत लावला.
खिडकीत हिरवा डाग,
सहाही मिनिटं तोच.

पुढच्या पाठात शाळेच्या नावाची पट्टी काढून टाकली,
मुख्याध्यापक विचारतील तेव्हा बघू.
बुट्ट्यांतून आणखी थोडे काढले.
सगळं झाड नाही देता आलं.
एक फांदी हलते,
डावीकडची, मिनिटातून दोनदा.